शेजारचा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी. या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर मॅडम. कारण गाडीला दोन ब्रेक असले तरी तिच्या जिभेला एकही नव्हता, हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या लक्षात यायचं. "क्लच आहे तो, झुरळ नाही. एवढं काय चिरडताय?" असं ती बँकेच्या मॅनेजरलाही सुनवायची आणि कॉलेजातल्या पोरीलाही.

धंद्याची सवय अंगात इतकी मुरली होती, की कुठल्याही गाडीत कुठेही बसली तरी समोर काही आलं की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. बसमध्ये, टॅक्सीत, एकदा तर सिनेमात. पडद्यावर हिरोची गाडी कड्याकडे धावत होती आणि हिनं जो पाय दाबला तो थेट नवऱ्याच्या बुटावर. नवरा हूं की चूं बोलला नाही. तो दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायचा. दिवसभर मुक्या दातांच्या संगतीत बसून त्यालाही गप्प राहायची सवय लागली होती, आणि अशा बायकोबरोबर संसार करायला ती सवय फार उपयोगी पडत होती.

पण तिची खरी ख्याती होती मांडीची. शिकणाऱ्याचा शेवटचा धडा असला, की ती चपला काढायची, सीट मागे सरकवायची आणि दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घालून बसायची. म्हणजे आता खालच्या ब्रेकवर कुणाचाही पाय नाही. मारायचं-तारायचं ते तुमच्या हातात. नियमात हे बसतं का, ते विचारायला कुणी गेलं नाही. त्या मांडीकडे बघून भल्याभल्यांचे हातपाय गार पडायचे, स्टिअरिंग घामानं ओलं व्हायचं, आणि मग पुढच्या वळणापर्यंत कधीतरी त्या माणसाची पाठ ताठ व्हायची. तो आरशात बघायला लागायचा, कारण आता त्याच्याऐवजी बघणारं दुसरं कुणी नव्हतं. एकदा घातलेली मांडी ब्रेकबाईनं कधी मोडली नव्हती. मॅडमनी मांडी घातली म्हणजे लायसन्स खिशात, असं लोक एकमेकांना सांगायचे.

अशा या बाईच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. हाताला लागलीसुद्धा नव्हती. नेहमीच्या तपासणीत फोटो काढला त्यात दिसली, वाटाण्याएवढी. सुईनं तुकडा काढला, तपासायला पाठवला, आणि कॅन्सर आहे म्हणून उत्तर आलं. ब्रेकबाईनं ते ऐकलं तेव्हा तिचा उजवा पाय दवाखान्याच्या फरशीवर दाबला गेला. फरशी थांबली नाही, काहीच थांबलं नाही.

सर्जन तिच्याहून लहान होती, सरळ बोलणारी. खोलीत ब्रेकबाई, नवरा आणि ब्रेकबाईची मोठी बहीण, म्हणजे ताई, असे तिघं बसले होते. ताई बातमी कळल्या दिवशीच बॅग घेऊन येऊन ठेपली होती.

"दोन रस्ते आहेत," सर्जन म्हणाली. "एक, फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढायचा, काखेतलं थोडं तपासायला घ्यायचं, आणि नंतर काही आठवडे रेडिएशन. दुसरा, तो सगळा स्तनच काढायचा. तुमची गाठ लहान आहे, लवकर सापडलीये. किती जगाल, या दृष्टीनं दोन्ही रस्ते सारखेच. पहिल्यात त्याच जागी पुन्हा येण्याची शक्यता किंचित जास्त. आलीच तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. गोळ्या दोन्हीकडे घ्यायच्याच आहेत."

"आणि दोन्ही बाजू काढून टाकल्या तर?" ताईनं विचारलं.

"तुमच्या आईला होता, म्हणून आपण रक्ताची तपासणी केली. वारशानं आलेलं काही निघालं नाही. दुसरी बाजू चांगली आहे. ती काढून यांचं आयुष्य वाढणार नाही."

"पण काढता येते ना?"

"काढता येते," सर्जन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, की तिला पुढचं सगळं दिसतंय.

ब्रेकबाईनं खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, तुमची सख्खी बहीण असती तर काय सांगितलं असतंत?"

"माझी सख्खी बहीण माझं काही ऐकत नाही. म्हणून मी तिला सांगायला जात नाही," सर्जन म्हणाली आणि हसली. "खरं सांगते, दोन्हीतलं कुठलंही चूक नाही. घरी जा, विचार करा. उद्याच्या उद्या ठरवायला नको, पण फार लांबवूही नका."

ब्रेकबाईचा विचार जिना उतरेपर्यंत झाला होता. पहिला रस्ता. गाठ काढायची, रेडिएशन घ्यायचं, गोळ्या खायच्या आणि कामाला लागायचं. तिनं गाडीचं दार उघडता उघडता ते बोलूनही टाकलं. ताईनं सीटबेल्ट लावला आणि म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू."

घरी गेल्यावर बोलू, याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. ताईनं एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरचा हो म्हणेपर्यंत ती पिच्छा सोडत नसे. ब्रेकबाईचं लग्न तिनंच जमवलं होतं, घर तिनंच शोधून दिलं होतं. ड्रायव्हिंग स्कूल मात्र काढू नको म्हणाली होती, आणि तेवढ्या एका बाबतीत ती हरली होती. त्याचा सूड म्हणून ती आजवर गाडी चालवायला शिकली नव्हती.

"दोन्ही काढ," ताई चहा ढवळता ढवळता म्हणायची. "डोक्याला ताप नको. आता या वयात त्यांचं काम तरी काय आहे?"

"काम नाही म्हणून काढून टाकायचं म्हटलं, तर आपल्या नात्यातली निम्मी माणसं उरायची नाहीत," ब्रेकबाई म्हणायची. "भावोजींपासून सुरुवात करू या का?"

ताईला हसू यायचं, पण ती ते गिळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू. मावशीचा फोन आला, आत्याचा आला. जिनं वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नव्हतं त्या चुलत वहिनीचाही आला. सगळ्यांचं म्हणणं एकच, सगळं काढून मोकळी हो. जणू कुणी अडगळीची खोली साफ करायला सांगत होतं. नवऱ्यानंही एकदा धीर करून तोंड उघडलं. "आतून खोटं बसवतात म्हणे आता. चांगलं बसवतात." त्याच्या बिचाऱ्याच्या धंद्यात खोटं हा शब्द कौतुकाचा होता. ब्रेकबाईनं त्याच्याकडे असं बघितलं, की तो उरलेला आठवडा पुन्हा गप्प राहिला.

एवढ्यानं ती बधली नसती. पण एका दुपारी ताई कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच थांबली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आईला मी पुसलंय. तू तेव्हा बाहेर शिकायला होतीस. तिनं किती दिवस लपवलं ते लपवलं, आणि मग सगळं कापलं तरी उपयोग झाला नाही. ती जखम मी रोज माझ्या हातानं पुसलीये. तुला मी तसं पुसणार नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही गं."

तिच्या हातात ब्रेकबाईचाच ब्लाउज होता. तिनं तो डोळ्यांना लावला आणि ती रडायला लागली. ओरडणाऱ्या ताईशी ब्रेकबाई आयुष्यभर लढली असती. रडणाऱ्या ताईला काय उत्तर द्यायचं ते तिला माहीत नव्हतं.

"बरं बाई," ती म्हणाली. "काढू दोन्ही. आता पूस ते डोळे."

तिनं फोन करून सर्जनला सांगितलं. सर्जननं दोनदा विचारलं, नक्की ना, आणि मग तारीख दिली. घरात एकदम आनंदीआनंद. ताईची भूक वाढली, नवरा शीळ घालायला लागला. एकटी ब्रेकबाई तेवढी आंघोळ करताना आरशाकडे पाठ फिरवायला लागली. तिला राग येत होता आणि तो काढावा कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून तो ती शिकणाऱ्यांवर काढत होती. त्या दिवसांत शिकलेले लोक गाडी फार सांभाळून चालवतात म्हणे.

ऑपरेशनच्या आधी तिनं कामं उरकायला घेतली. शेवटचा धडा होता केकवालीचा. ही बाई घरी केक बनवून विकायची. ते पोचवायला लोकांच्या गाड्या करायची, आणि प्रत्येक ड्रायव्हर एकेक केक कुठल्यातरी खड्ड्यात आदळायचा. शेवटी वैतागून ती स्वतः गाडी शिकायला आली होती. पहिल्या दिवसापासून ती ब्रेक असा दाबायची की पेल्यातलं पाणी हलू नये. शेवटच्या धड्याला ती हातात मोठं खोकं घेऊन आली आणि ते तिनं मागच्या सीटवर अलगद ठेवलं.

"हे काय?"

"तीन मजली केक. गुलाब, वेली, सगळं आहे त्यावर. गावाला फेरी मारून आल्यावर हा जसाच्या तसा राहिला, तर मी पास."

"आणि नाही राहिला तर?"

"तर मी रडेन, आणि तुम्ही ओरडा."

ब्रेकबाईला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. तिनं चपला काढल्या, सीट मागे सरकवली, मांडी घातली. गाडी सुरेख निघाली. बाजारपेठ गेली, शाळेचं वळण गेलं, पुलाचा चढ गेला. मागचं खोकं जागचं हललं नाही. पुलाखालच्या चौकात उजवीकडच्या रस्त्यानं एक पांढरी व्हॅन येत होती. बरीच लांब होती. ब्रेकबाईनं ती बघितली. काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. मांडी कधी मोडली, पाय कधी खाली गेला, तिला समजलंच नाही. टायर किंचाळले, दोघींना पट्ट्यांचा हिसका बसला. मागून धप्प असा ओला आवाज आला.

व्हॅन सावकाश आली, ड्रायव्हरनं दोघींकडे चमत्कारिक बघितलं आणि सावकाश निघून गेला.

केकवालीनं गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावला, हँडब्रेक ओढला. सगळं रीतसर. मग ती वळली. "मॅडम, पाय कुठून आला तुमचा?"

ब्रेकबाईनं खाली आपल्याच पायाकडे बघितलं.

"मला दिसली होती ती व्हॅन. माझा पाय ब्रेकवर होता. मी हळूहळू थांबवत होते. तुम्हाला दिसलं नाही ते?"

"दिसलं," ब्रेकबाई म्हणाली. "तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. मी घाबरले."

केकवालीनं मागे वळून खोक्याचं झाकण उचललं. तीन मजल्यांचा एक मजला झाला होता आणि गुलाब झाकणाला आतून चिकटले होते. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही, भडकली. "म्हणजे घाबरलात तुम्ही आणि केक गेला माझा!"

वीस वर्षांत कुणी ब्रेकबाईला असं बोललं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर ताई आली, ब्लाउज डोळ्यांना लावलेली. घाबरली होती ताई. जाणार होतं कुणाचं?

"खरंय," ती म्हणाली. "अगदी खरंय. आता असं करा, गाडी फिरवा आणि तीच फेरी पुन्हा मारा." तिनं पाय वर घेतले, घट्ट मांडी घातली आणि दोन्ही हातांनी आपलेच अंगठे धरून बसली. पुलाखालच्या चौकात या वेळी ट्रक आला. केकवालीनं गाडी लोण्यात सुरी थांबावी तशी थांबवली. ब्रेकबाईचा पाय मांडीतल्या मांडीत थरथरला, पण खाली गेला नाही.

केकवाली पास झाली. चिरडलेला केक ब्रेकबाईनं हट्टानं आपल्या घरी नेला. उतरण्याआधी तिनं गाडीतूनच सर्जनला फोन लावला.

केक कापण्याजोगा राहिला नव्हता. तिनं तो तीन वाट्यांत चमच्यानं वाढला. ताईनं पहिला घास खाल्ला आणि छान आहे म्हणाली, आणि तेवढ्यात ब्रेकबाई बोलली. "मी डॉक्टरांना सांगितलंय. गाठ तेवढी काढायची. बाकी काही नाही."

ताईचा चमचा वाटीतच राहिला. "हो म्हणाली होतीस तू मला."

"म्हणाले होते. तू रडलीस म्हणून म्हणाले. घाबरलीस तू, ताई, आणि जाणार होतं माझं."

"मग घाबरू नको? आईचं बघितलंय मी!"

"आईनं लपवलं. मी लपवलं का? गाठ दिसल्यापासून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतेय. सुई खुपसून घेतली. आता टेबलावर जाऊन झोपणार आहे, मग रेडिएशन, मग वर्षानुवर्षं गोळ्या. हे काय पळून जाणं झालं?"

"आणि परत आलं तर?"

"तर परत जाईन. तेव्हा काढावं लागलं तर काढीन, आणि तुला बरोबर नेईन. पण आज जे चांगलं आहे ते नुसत्या धास्तीपायी कापून देणार नाही." तिचा आवाज चढला होता, तो तिनं खाली आणला नाही. "मला भीती वाटत नाही असं समजतेस? रोज वाटते. दोन्ही काढले तरी वाटणारच आहे. ती आहे तेवढी पुरे, तिला आणखी काय काय खाऊ घालू? आणि ऐक, या वयात काम काय म्हणालीस ना. काम काही नाही. माझे आहेत, म्हणून हवेत. एवढं कारण पुरत नसेल, तर दुसरं माझ्याकडे नाही."

मग नवऱ्यानं वाटी खाली ठेवली, घसा खाकरला. "मी कवळी चांगली करतो," तो म्हणाला. "पण कुणी पक्के दात काढून कवळी बसवून दे म्हणाला, तर मी त्याला परत पाठवतो."

"तुम्ही मध्ये बोलू नका," ताई म्हणाली.

"झालं माझं बोलून."

ताई उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पटलं नव्हतं तिला. ती बॅग भरेल असं दोघांना वाटलं, पण तिनं बॅग भरली नाही. फक्त बोलणं बंद केलं. त्या घरात ताईचा आवाज नाही म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. ब्रेकबाईला ते फार लागलं. दोनदा ती त्या दाराशी जाऊन परत आली. नमायचं मात्र नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ब्रेकबाई उपाशीपोटी तयार होऊन खाली आली आणि स्टिअरिंगवर बसली.

"तू चालवणार?" नवरा म्हणाला.

"जाताना मी. येताना तू. येताना मला झोप हवी."

तो पिशवी घेऊन मागे बसला. ताई जिन्यावरून उतरली, न बोलता पुढचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसली, सीटबेल्ट लावला. तिचे पाय खाली गेले आणि ब्रेकला लागले. तिनं ते मागे घेतले नाहीत. चालवता येत नसलं तरी तो ब्रेक कशासाठी आहे ते तिला चांगलं माहीत होतं.

ब्रेकबाईनं चावी लावली, पण फिरवली नाही.

"ताई, मांडी घाल."

"काय?" कितीतरी दिवसांनी ताई बोलली.

"पाय वर घे. मांडी घालून बस."

"माझ्या गुडघ्यांचं माहीत आहे ना तुला? मी किती वर्षांत खाली बसलेली नाही."

"माहीत आहे."

"उशीर होतोय."

"होऊ दे. डॉक्टर माझ्याशिवाय सुरू करणार नाहीत."

ताईनं समोरच्या काचेतून बघितलं. मग तिनं ओठ घट्ट मिटले, चपला काढल्या, एक पाय दोन्ही हातांनी धरून वर ओढला. तोंडातून अस्फुट आवाज निघाला. दुसरा पाय काही केल्या वर येईना. नवरा मागून उतरला, पुढे आला आणि ताजी कवळी साच्यातून सोडवावी इतक्या हलक्या हातानं त्यानं तो गुडघा वाकवून दिला. मांडी कसली ती, नुसता पायांचा गुंता. पण दोन्ही पाय वर होते.

"झालं समाधान?" ताई म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं. गुडघ्यांमुळे की कशामुळे, ते कुणी विचारलं नाही.

गाडी निघाली. बाजारपेठ गेली, शाळेचं वळण गेलं, पुलाचा चढ गेला. ताई दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसली होती. पुलाखालच्या चौकात उजवीकडून एक बस भरधाव आली. ताईचं सगळं अंग आखडलं, ओठातून शब्द निसटता निसटता तिनं तो दाबला. ब्रेकबाईनं हळूच गाडी थांबवली. बस पुढून निघून गेली.

"मी काही केलं नाही हं," ताई म्हणाली.

"बघितलं मी," ब्रेकबाई म्हणाली, आणि तिनं पहिला गिअर टाकला.